शहाळे देण्याआधी पोटॅशियम पाहा

धरमतर खाडीच्या परिसरात आजाऱ्याला भेटायला जाताना हातात शहाळे असतेच. एरवी ते चांगलेच. पण मूत्रपिंडे बिघडलेल्या रुग्णाला तेच घातक ठरू शकते.

मिठागरात उमर काढलेले एक आजोबा माझ्याकडे आले. पायांवर सूज, अंगात त्राण नाही. "अशक्तपणा आहे म्हणून रोज दोन शहाळी देतो," मुलगा म्हणाला. रक्त तपासले, तर क्रिएटिनिन ४.२ आणि पोटॅशियम ६.४! तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवले म्हणून निभावले.

क्रिएटिनिन हा स्नायूंत तयार होणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडे तो लघवीवाटे बाहेर टाकतात. ती थकली की तो रक्तात साचतो. साधारण प्रमाण ०.६ ते १.२. मात्र कृश, वयस्क माणसात स्नायूच कमी, म्हणून आकडा फसवा असतो. जवळजवळ निम्मे काम थांबेपर्यंत तो मर्यादेत राहू शकतो. पोटॅशियम ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे. ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी काही जाणवेलच असे नाही.

वाचकहो, मधुमेह वा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्या. वय धरून काढलेला ई-जीएफआर डॉक्टरांना विचारा. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते परस्पर सुरू करू नये. अशा घरी जाताना शहाळ्याऐवजी आधी रुग्णाचा रिपोर्ट विचारा.