ओंडके फोडण्याच्या यंत्राचा वेग : दाब-नळकांड्यातील सुधारणा

भांडुप आणि मुलुंड या मध्य रेल्वेच्या दोन स्थानकांच्या मधोमध नाहूर हे मुंबई उपनगरातील ठिकाण आहे. त्याच्या पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत व पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. पावसाळी वाऱ्यात या पट्ट्यातील मोठी झाडे उन्मळून पडतात. दिनांक १७ मे २०२१ रोजीच्या ‘तौक्ते’ चक्रीवादळात मुंबईत शेकडो झाडे पडली. त्यापूर्वी ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने रायगड जिल्ह्यातील आंब्याच्या व नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या होत्या. पडलेल्या झाडाचे ओंडके कुऱ्हाडीने व पाचरीने फोडणे फार कष्टाचे असते. म्हणून तेलाच्या दाबावर चालणारे ओंडके फोडण्याचे यंत्र उपयोगी पडते. हे यंत्र संथ चालते, अशी ते वापरणाराची नेहमीची तक्रार असते. नाहूर-भांडुपकडील लहान यंत्रशाळांत, अथवा तालुक्याच्या गावी लेथ असलेल्या कारागिराकडे, त्यात सुधारणा करून घेता येते. मात्र कारागिराला काय सांगावयाचे, हे मालकाने आधी समजून घेतले पाहिजे.

यंत्राचे मर्म

ट्रॅक्टरची ट्रॉली ज्या दाब-नळकांड्याने उचलली जाते, तसेच नळकांडे या यंत्रात असते. पंपाने ढकललेले तेल नळकांड्यात शिरते व दट्ट्याला पुढे रेटते. दट्ट्याचा दांडा ओंडक्याला पाचरीवर दाबतो. जोसेफ ब्रामा याने १७९५ साली इंग्लंडमध्ये ज्या दाबयंत्राचे पेटंट घेतले, त्याचेही तत्त्व हेच होते.

दोन नियम ध्यानात ठेवावेत. दट्ट्याचा जोर म्हणजे तेलाचा दाब गुणिले दट्ट्याचे क्षेत्रफळ. दट्ट्याचा वेग म्हणजे पंपाचे तेल भागिले तेच क्षेत्रफळ. म्हणजेच पंप व दाब कायम असता, वेग वाढविला की जोर घटतो. इंजिनाची शक्ती न वाढविता दोन्ही एकाच वेळी वाढविता येत नाहीत.

उदाहरणाचा हिशेब

नळकांड्याचा आतील व्यास १०० मिलिमीटर, दांड्याचा व्यास ५० मिलिमीटर, धाव ६० सेंटिमीटर, पंप मिनिटाला २० लिटर तेल देणारा आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला १६० किलोग्रॅम, असे यंत्र उदाहरणादाखल घेऊ. दट्ट्याचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर येते, म्हणून जोर सुमारे साडेबारा टन मिळतो. पुढे जाण्यास १४ सेकंद लागतात. परतताना दांड्याने व्यापलेली जागा वजा होऊन क्षेत्रफळ ५८.९ उरते, म्हणून परतीस साडेदहा सेकंद पुरतात. एका फेरीस सुमारे २५ सेकंद झाले.

वेग वाढविण्याचे मार्ग

पहिला मार्ग, धाव कमी करणे. ओंडके ४० सेंटिमीटर लांबीचे असतील, तर दट्ट्या पूर्ण मागे नेण्याचे कारण नाही. ४५ सेंटिमीटरवर परत थांबविल्यास फेरी साडेअठरा सेकंदांत होते. यास खर्च जवळजवळ नाही. दांडा ठरल्या जागी येताच झडपेची मूठ आपोआप मध्यावर यावी, अशी आडकाठी बसवावी. दांड्यावर नुसते कडे आवळून थांबविल्यास परतीचा नऊ टनांहून अधिक जोर नळकांड्याच्या तोंडावरील झाकणावर येतो.

दुसरा मार्ग, दांडा जाड करणे. ५० ऐवजी ७० मिलिमीटरचा दांडा घातल्यास परतीचे क्षेत्रफळ ४० चौरस सेंटिमीटर होते व परत सुमारे ७ सेकंदांत होते. पुढे जाण्याचा जोर घटत नाही. यासाठी कठीण क्रोम मुलामा दिलेला दांडा, नवे झाकण व नवी सील लागतात. परतीच्या वेळी मागील बाजूने मिनिटाला ३९ लिटर तेल बाहेर पडते, म्हणून तेथील भोक, नळी व झडप तेवढ्या मापाच्या हव्यात.

तिसरा मार्ग, परतीचे तेल पुन्हा कामास लावणे. दट्ट्या पुढे जात असता दांड्याकडील तेल टाकीत न सोडता पंपाच्या तेलात मिसळून मागील बाजूस द्यावयाचे. मग केवळ दांड्याच्या क्षेत्रफळाइतकाच हिशेब उरतो. ५० मिलिमीटरच्या दांड्याने वेग सेकंदाला ४.२ वरून १७ सेंटिमीटरवर जातो. पण जोर साडेबारा टनांवरून तीन टनांवर येतो. गाठीचे बाभळीचे लाकूड तीन टनांत फुटेलच असे नाही. म्हणून दाब चढताच दांड्याकडील तेल टाकीकडे वळवून पूर्ण जोर देणारी झडप हवीच. ६० पैकी १५ सेंटिमीटर पूर्ण जोराने व उरलेले वेगाने गेल्यास पुढची धाव १४ ऐवजी सुमारे ६ सेकंदांत संपते.

येथे नळकांड्याच्या भोकांकडे लक्ष द्यावे. या पद्धतीत मागील भोकातून मिनिटाला ८० लिटर तेल जाते. १२ मिलिमीटरच्या भोकातून त्याचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर होतो. तेल तापते व मिळविलेला लाभ घर्षणात जातो. १९ मिलिमीटरच्या भोकातून तो पाच मीटरच्या आत राहतो. दांड्याकडील भोकही असेच मोठे करावे. नवे भोक पाडताना नळकांडे उघडून करावे व आत कीस राहू देऊ नये.

चौथा मार्ग, दोन टप्प्यांचा पंप. हा पंप ओझे नसताना पुष्कळ तेल कमी दाबाने देतो व ओझे येताच थोडे तेल मोठ्या दाबाने देतो. साधा मोठा पंप बसविण्यापेक्षा हा बरा. कारण वरील उदाहरणात आधीच सुमारे ७ अश्वशक्ती, आणि गळती व घर्षण धरता ८ ते ९, खर्च होते. पंप दुप्पट केल्यास इंजिनही दुप्पट लागेल.

दडलेला धोका

दट्ट्या पुढे जात असता दांड्याकडील वाट बंद झाली, अथवा तेथे वेग आवरण्यासाठी कोणी चाप बसविला, तर त्या बाजूचा दाब पंपाच्या दाबापेक्षा वाढतो. ५० मिलिमीटरच्या दांड्यास तो सव्वापटीहून अधिक, तर ७० मिलिमीटरच्या दांड्यास जवळजवळ दुप्पट, म्हणजे ३०० किलोग्रॅमच्या वर जातो. पंपाजवळची सुरक्षा-झडप हा दाब ओळखत नाही. दांडा जितका जाड, तितका हा धोका मोठा. म्हणून त्या बाजूची नळी, जोड व सील यांची ताकद आधी तपासावी, आणि तेथील वाट कोणत्याही स्थितीत बंद पडणार नाही अशी मांडणी ठेवावी.

नळीतून बारीक धार उडत असल्यास ती हाताने चाचपू नये. पुठ्ठा धरून पाहावी. दाबाचे तेल कातडीत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी रोग्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. विलंबाने हात गमवावा लागतो.

हातांची काळजी

मूळ यंत्रात शेवटचे १० सेंटिमीटर जाण्यास दोन सेकंदांहून अधिक लागत. तेवढ्यात हात काढून घेता येई. वेगवान यंत्रात त्यास अर्धा सेकंद पुरतो. म्हणून ओंडका ठेवणारा व मूठ चालविणारा एकच मनुष्य असावा, आणि दोन्ही हात मुठींवर असल्याशिवाय दट्ट्या पुढे सरकू नये, अशी रचना करून घ्यावी.

ग्रामसेवकांनी सुधारणेचा क्रम असा सुचवावा : प्रथम धाव कमी करावी, त्याने भागले नाही तर नळ्या व भोके तपासून मग दांडा किंवा झडप बदलावी. झाड तोडण्यासाठी शहरात १९७५ च्या व ग्रामीण भागात १९६४ च्या वृक्षविषयक कायद्याकडे पाहावे लागते, हेही सांगावे. फेरीचे सेकंद घड्याळ लावून सुधारणेपूर्वी व नंतर मोजावेत; म्हणजे खर्च केलेल्या पैशाचा मोबदला मिळाला की नाही, हे मालकास स्वतःच कळेल.