दत्तकपत्रावर सही करण्याआधी

"भावाची पोर भावालाच द्यायची, त्यात सरकारला काय विचारायचं?" आमच्या फैजपूर-सावदा भागात हे अजूनही सहज बोललं जातं. आमच्या घरातही हेच बोललं गेलं. मधले दीर अचानक गेले. मागे माझी जाऊ आणि तीन लहान मुली. न्यू जर्सीतले धाकटे दीर आणि त्यांची बायको, दोघंही अमेरिकेचे नागरिक, त्यांना मूल नव्हतं. सगळ्यांच्या संमतीने धाकटी मुलगी त्यांना द्यायचं ठरलं. होम झाला, जावेने लेक त्यांच्या ओटीत घातली, ओळखीच्या वकिलांनी 1956च्या हिंदू दत्तक कायद्याखाली दत्तकपत्र नोंदवून दिलं. आपल्या कायद्याने पोर त्यांची झाली. व्हिसाच्या वेळी मात्र तोच कागद आडवा आला.

परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांची खरेदी-विक्री होऊ नये म्हणून 1993 साली हेग करार झाला. भारतात तो 2003 पासून आणि अमेरिकेत 1 एप्रिल 2008 पासून लागू आहे. त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी अमेरिकेने पालकांना पात्र ठरवायचं, मग दोन्ही देशांनी त्या मुलाबाबत होकार द्यायचा, आणि दत्तक सर्वांत शेवटी. आमच्याकडे शेवटची पायरी पहिली झाली होती. रद्द करून पुन्हा करावं, तर आपल्याच कायद्याचं 15वं कलम सांगतं की रीतसर झालेलं दत्तक मोडता येत नाही. व्हिसासाठी उरली एकच वाट: दत्तक आईने भारतात दोन वर्षं मुलीबरोबर राहायचं. धाकटी जाऊ नोकरी सोडून फैजपूरला आली. दीर तिकडे एकटे. आणि एकाच वाड्यात ती पोर जन्मदात्या आईसमोर दुसरीला आई म्हणायला शिकत होती. मधल्या जावेने त्या काळात जे सोसलं, ते कोणत्याही आईच्या वाट्याला येऊ नये. साध्या चौकशीने ते टळलं असतं, म्हणून हे लिहिते आहे.

परदेशातल्या नातेवाइकाला मूल द्यायचं, तर नातेवाईक म्हणजे कोण, हेही कायद्याने ठरवलेलं आहे: काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा. चुलतभावाचं मूल यात बसत नाही. पाच वर्षांवरच्या मुलाची संमती लागते. अमेरिकेची अट तर त्याहून कडक आहे. दोन्ही आईवडील हयात असतील, तर ते मुलाला नीट सांभाळायला असमर्थ आहेत हे दाखवावं लागतं. "आम्हाला तीन, त्यांना एकही नाही" हे कारण तिथे चालत नाही. हेगच्या मार्गाने अर्ज फक्त अमेरिकी नागरिकालाच करता येतो, ग्रीन कार्डवाल्याला नाही, आणि तो मूल सोळा वर्षांचं होण्याआधी करावा लागतो.

मूल विमानात बसलं म्हणजे झालं, असंही समजू नका. 1989 साली मुंबईतून अमेरिकेत दत्तक गेलेल्या एका मुलीच्या नागरिकत्वाचे कागद तिथे कुणी पूर्ण केलेच नाहीत. पुढे ती एका गुन्ह्यात दोषी ठरली आणि 2008 मध्ये तिला भारतात पाठवून दिलं गेलं. नवरा आणि दोन मुलं तिकडेच राहिली. दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा अमेरिकेचा कायदा 27 फेब्रुवारी 2001 रोजी लागू झाला, पण त्या दिवशी अठरा पूर्ण झालेल्यांना त्याचा लाभ मिळाला नाही. ती त्यांतलीच होती. आज लहान मुलाला स्थलांतरित व्हिसावर नेलं आणि ते नागरिक पालकाच्या ताब्यात राहिलं, तर नागरिकत्व मिळतं. तरी पुरावा हातात हवा. आमच्या पोरीचा अमेरिकी पासपोर्ट दिरांनी ती पोहोचताच काढला.

तुमच्या घरी असा विचार चालू असेल, तर होम आणि दत्तकपत्र दोन्ही थांबवा. परदेशातल्या नातेवाइकांना तिथल्या मान्यताप्राप्त दत्तक संस्थेकडे पाठवा. इथे जळगावच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. कौटुंबिक अहवाल तेच करतात. दिल्लीच्या 'कारा'ची, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाची, पूर्वसंमती आणि त्या देशाचा होकार हाती आल्यावरच दत्तकाच्या आदेशासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. सप्टेंबर 2022 पासून हा आदेश न्यायालय नव्हे, जिल्हाधिकारी देतात.