दुर्बीण असताना लोखंडी साइट कशाला?

प्रश्न : माझा पुतण्या निमलष्करी दलात आहे. तो सांगतो, की नव्या रायफलीवर दुर्बीण असली तरी पुढे-मागे दुमडून ठेवलेल्या लोखंडी साइट असतात. दुर्बीण असताना त्या कशाला? आणि त्यातली चांगली कोणती, हे कसं ओळखायचं? माझी मुलगी एनसीसीत आहे, तिलाही हे जाणून घ्यायचंय.
— एक वाचक, बिलोली (जि. नांदेड)

उत्तर : दुर्बीण किंवा लाल ठिपक्याची साइट कधी दगा देईल, सांगता येत नाही. बॅटरी संपते, काचेवर चिखल उडतो, पावसात धुकं धरतं, आपटली तर नेम सरकतो. लोखंडी साइटला बॅटरीही नको नि काचही नको. जुन्या इन्सास रायफलीवर ती कायम उभी असते, कारण तिथे तीच मुख्य. २०१९ साली भारतीय सैन्याने सिग सॉर कंपनीशी ७२,४०० रायफलींचा करार केला. त्या प्रकारच्या रायफलींवर मात्र वरच्या बाजूला खाचांची पट्टी असते. तिला पिकॅटिनी रेल म्हणतात. मुख्य साइट तिच्यावर बसवतात. तिथे लोखंडी साइट उभीच राहिली तर नजरेच्या आड येईल, म्हणून ती आडवी करून ठेवायची आणि अडचणीच्या वेळी उभी करायची.

आता निवडीचं. पहिली गोष्ट उंची. लाल ठिपक्याच्या साइटमध्ये वस्तू मोठी दिसत नाही, त्यामुळे तिच्या काचेतूनच लोखंडी साइट दिसतील अशी उंची जुळवता येते. मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून जवळची माशी, म्हणजे नळीच्या टोकाकडची उभी खूण, नीट दिसत नाही. अशा रायफलीवर दुर्बीण पटकन काढता यावी, नाहीतर ४५ अंशांत तिरक्या बसणाऱ्या साइट घ्याव्यात. मग रायफल जराशी कलती केली की नेम धरता येतो.

दुसरी गोष्ट मजबुती. साइट उभी केल्यावर घट्ट अडकली पाहिजे. हलकासा धक्का लागून आडवी होणारी साइट निकामी समजा. प्लास्टिकची हलकी आणि स्वस्त असते, पण सलग गोळीबारात नळीजवळचा भाग प्रचंड तापतो. तिथे पुढची साइट बसणार असेल तर धातूचीच हवी.

तिसरी गोष्ट मागच्या साइटमधलं छिद्र. बारीक छिद्राने लांबचा नेम नेटका लागतो. अंधुक उजेडात आणि जवळच्या अंतरावर मोठं छिद्र बरं. दोन्ही छिद्रं असलेली साइट घ्यावी. दोन साइटमधलं अंतरही जितकं जास्त तितकं चांगलं. ते ५० सेंटिमीटर असेल आणि माशी १ मिलिमीटरने चुकली, तर १०० मीटरवर गोळी २० सेंटिमीटर बाजूला जाते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बसवल्यावर मैदानात गोळ्या झाडून ती झिरो करणं, म्हणजे जिथे नेम तिथेच गोळी लागेल अशी जुळवणं. झिरो न केलेली साइट ऐन वेळी फसवते.

मुलीला हेही सांगा, की ऑलिम्पिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण चालतच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं ते छिद्राच्या साइटवर. तिथलं दहाचं वर्तुळ असतं जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या, त्याही अशाच साइटवर. एनसीसीत .२२ रायफलीने २५ यार्डांवर ग्रुपिंग करताना, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लावताना, तिला हेच शिकायचं आहे : नजर माशीच्या टोकावर ठेवायची, लक्ष्य थोडं पुसट दिसलं तरी चालेल. मग श्वास रोखून ट्रिगर हळू दाबायचा.

शेवटी एक सूचना. निमलष्करी दलातल्या सरकारी रायफलीवर जवानाने स्वतःच्या मर्जीने काहीही बसवू नये. आधी आपल्या शस्त्रागाराला विचारावं. घरच्या परवान्याच्या शस्त्रात फेरफार करायचा असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयाला विचारल्याशिवाय हात लावू नये.