मूल वाढते तसा धोका बदलतो



ऊस कोवळा असताना खोडकिडीची भीती, कांड्या सुटल्या की कांडी किडीची. मुलांचेही तसेच आहे. जगभरचे आकडे तेच सांगतात, म्हणून ते आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

१९९० साली जगात पाच वर्षांखालील सुमारे सव्वा कोटी मुले दगावली. २०२२ साली हा आकडा ४९ लाखांवर आला. लसी, स्वच्छ पाणी आणि दवाखान्यातली बाळंतपणे यांचा हा गुण. पण त्यांतली जवळजवळ निम्मी बाळे पहिल्या २८ दिवसांतच गेली. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना गुदमरणे आणि जंतुसंसर्ग ही मुख्य कारणे. पुढे न्यूमोनिया, जुलाब; आफ्रिकेत हिवतापही. पोर चालू-पळू लागले की पाण्यात बुडण्याचे भय. पाच वर्षांनंतर अपघातांचा वाटा वाढतो, आणि थोरल्या पोरांत रस्त्यावरचा अपघात सर्वांत पुढे.

तेव्हा आपण काय करायचे?

बाळंतपण दवाखान्यातच करावे. लस चुकवू नये. जुलाब लागताच जलसंजीवनी द्यावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त नको. अंगावरचे दूध चालू ठेवावे. मूल मलूल झाले तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्यावे.

विहिरीला कठडा बांधावा. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा भरल्या ट्रॉलीवर पोराला बसवू नये, मग ते कितीही हट्ट करो.

एकाच औषधाने साऱ्या किडी जात नाहीत, हे आपल्याला शेतात पटले आहे. ते घरातही पटावे.