द्वादशीचं पाणी

श्रीवर्धनला आमच्या वाडीला लागून राहणारे कोळीकाका भरतीची वेळ कधी कागदावर बघत नसत. त्यांना पाऊणकी तोंडपाठ. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल तो भरतीचा तास. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला सव्वाअकरा. त्यात सहा मिळवले की ओहोटी. हा हिशेब मी पाढ्यांबरोबरच शिकले आणि इंग्लंडात येऊन चौदा वर्षं झाली तरी विसरले नव्हते. विसरले असते तर बरं झालं असतं.

लेकाला अकराव्या वर्षी जीवाश्मांचं वेड लागलं. दक्षिण इंग्लंडात राहून हे वेड लागलं की माणूस डॉर्सेटच्या किनाऱ्यावर, लाइम रीजिस आणि चारमथला जातोच. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा गाळ तिथे करड्या-काळ्या कड्यांच्या रूपात उभा आहे. तो ढासळतो, लाटा त्याला धुतात आणि ॲमोनाइट वाळूवर येऊन पडतात. ॲमोनाइट म्हणजे आपल्या देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामाचाच गोतावळा. गंडकीच्या शाळिग्रामात जी चक्रं दिसतात, ती बहुधा अशाच प्राण्याच्या शिंपल्याची असतात. हे सांगितल्यापासून पोरगा आजीच्या देवांकडे फार आदराने बघायला लागला.

फेब्रुवारीतला रविवार होता. कालनिर्णयात द्वादशी. म्हणजे नऊला भरती, तीनला पूर्ण ओहोटी. "दीडला उतरू, पाणी मागे जात असेल," असं मी नवऱ्याला ठासून सांगितलं. तो म्हणाला, फोनवर बघून घे. मी म्हटलं, समुद्राकाठी कोण वाढलं, तू का मी? तो पुण्याचा. बिचारा थर्मास घेऊन गाडीत बसला. वाटेतल्या दुकानात काउंटरवर भरती-ओहोटीचं पुस्तक विकायला होतं, तेही मी नुसतं बघितलं.

चारमथहून पश्चिमेला, ब्लॅक व्हेनच्या कड्याखालून निघालो. समोरून माणसं परत येत होती. कुत्री, मुलं, बादल्या, सगळेच परत. जेवायला चालले असतील, असं वाटलं. लेकाला गोट्यांमध्ये पायराइटचा ॲमोनाइट सापडला. रुपयाच्या नाण्याएवढा, पितळेसारखा चकाकणारा, प्रत्येक वळी मोजून घ्यावी असा. मग बेलेम्नाइट, बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार. आम्ही मायलेक दोघंही खाली माना घालून तासभर वेचत होतो. समुद्राकडे पाठ.

पाणी जवळ आलंय हे लक्षात आलं तेव्हाही मी निघाले नाही. तीन वाजत आले होते. माझ्या हिशेबाने ओहोटीचा शेवट होता, म्हणजे हे पाणी जास्तीत जास्त तिथेच थांबणार. मी चक्क उभी राहून ते मागे जायची वाट बघत होते. पंचवीस मिनिटं. पाणी येत होतं ही माझी चूक नव्हती. ही पंचवीस मिनिटं माझी.

निघालो तर परतीच्या वाटेवर कड्यावरून उतरलेल्या चिखलाची एक जीभ थेट पाण्यात गेलेली. येताना तिच्या टोकाला वळसा घालून आलो होतो, आता तिथे लाटा फुटत होत्या. लेक म्हणाला, वरून जातो. वरून तो चिखल सुकल्यासारखा दिसतो. तिसऱ्या पावलाला पोरगा गुडघ्यापर्यंत आत गेला. मी धावून हात धरून ओढायला लागले. तेवढ्यात मागून हातोडीवाले एक म्हातारे संग्राहक ओरडत आले, ओढू नका. त्यांनी त्याला मागे रेलून बसायला लावलं, म्हणजे वजन पसरतं. मग पाय थोडा थोडा हलवत, पाणी आत शिरू देत, एकेक करून सोडवला. उजवा गमबूट अजून तिथेच असेल. दगडांची पिशवी मात्र त्याने सोडली नव्हती. ती मी त्याच्या हातातून हिसकावून टाकून दिली, त्याचा राग आठवडाभर होता. नाण्याएवढा ॲमोनाइट खिशात होता म्हणून वाचला. मग म्हातारबांच्या मागोमाग कमरेला लागणाऱ्या पाण्यातून वळसा घातला. त्या पाण्याचा गारठा सांगून कळणार नाही.

त्या दिवशी खरी भरती चारच्या सुमारास होती. चंद्र तोच, तिथी तीच, पण भरतीची लाट कुठल्या किनाऱ्यावर किती उशिरा पोचणार हे त्या समुद्राची खोली आणि किनाऱ्याची ठेवण ठरवते. आमच्याकडे पुनवेला मध्यान्हीच्या आसपास भरती असते, तर लाइमला त्याच वेळी जवळजवळ ओहोटी. काकांची पाऊणकी तिथे बरोबर उलटी होते. तेव्हा त्या-त्या जागेचा, त्या-त्या दिवसाचा तक्ता बघा. इंग्लंडात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात आणि काही छापील तक्ते ग्रिनिच वेळेत असतात, तो तास मिळवायला विसरू नका. ओहोटीच्या दोन-तीन तास आधी उतरायचं आणि पाणी पूर्ण उतरलं की परत फिरायचं, सापडो न सापडो. भरतीचं पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांतल्या तिसऱ्या-चौथ्या तासातच निम्मं येतं, आणि वेचणाऱ्यांना नेमकं तेव्हाच काहीतरी सापडलेलं असतं.

कड्याचं भय मला त्या दिवशी वाटलंच नाही, वाटायला हवं होतं. २००८ च्या मे महिन्यात लाइम आणि चारमथच्या मधला सुमारे ४०० मीटर कडा खाली आला. २०१२ मध्ये तिथून पूर्वेला बर्टन ब्रॅडस्टॉकला दरड कोसळून एका तरुणीचा जीव गेला. जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगने याच किनाऱ्यावर इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर या प्राचीन सागरी सरीसृपांचे सांगाडे शोधून काढले. तिचा कुत्रा ट्रे १८३३ मध्ये तिच्या डोळ्यांसमोर दरडीखाली गाडला गेला. ती तर तिथेच जन्मलेली होती. कड्याच्या पायथ्याशी खणण्यात तसाही अर्थ नाही. चांगले नमुने वादळानंतर पाण्याजवळच्या गोट्यांत, धुऊन निघालेले मिळतात. दगड फोडायचाच तर भूवैज्ञानिक हातोडी आणि डोळ्यांना चष्मा हवा. घरातल्या हातोडीच्या पोलादाचे कपचे उडतात.

आणि एक लाजेची गोष्ट. फोनला रेंज होती. ९९९ लावून कोस्टगार्ड मागायला मला जमलं नाही, कारण बोट येईल, लोक बघतील, कोकणातली बाई ओहोटी चुकली म्हणतील. कोण म्हणणार होतं? तिथे कोकण कुणाला माहीत होतं? बोलवा. भारतात तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे, तोही फोनमध्ये ठेवा.

दिवाळीत श्रीवर्धनला गेल्यावर काकांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "अगं, तो हिशोब आमच्या बंदरापुरता. मी रत्नागिरीला होडी लावली तरी तिथल्या माणसाला विचारतो." मग त्यांनी पोराला हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर नेलं, पाणी पूर्ण उतरल्यावर, आणि लाटेने कोरलेला कातळ दाखवला.

नाण्याएवढा ॲमोनाइट लेकाने आजीला दिला होता. तिने तो शाळिग्रामाशेजारी ठेवला आणि रोज दोघांनाही स्नान घातलं. पायराइटला ओल चालत नाही हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पावसाळ्यानंतर ताम्हनात राखाडी भुकटी उरली, गंधकाचा वास येणारी. आजीने ती तुळशीत टाकली, आणि तुळस थोडी रुसली म्हणे.