बाळाच्या खोलीची जमीन : निवड आणि खर्चाचे गणित

मूल पालथे पडून पुढे सरकू लागले की घराची जमीन पहिल्यांदाच मोठ्या माणसांच्या डोळ्यांत भरते. इतके दिवस जी फरशी केवळ पुसण्यापुरती लक्षात राहत होती, तिचा गारठा, तिच्यातील फटी, कोपऱ्यातील उखडलेला सांधा हे सारे एकाएकी दिसू लागते. याच सुमारास बाळाच्या खेळण्याच्या खोलीला नवी जमीन करून घेण्याचा विचार घरात निघतो. आणि दुकानातील चकचकीत नमुने पाहून तो गरजेपेक्षा बराच मोठा होऊन घरी परततो.

जमिनीवर खेळणे ही मुलाची खरीखुरी गरज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार, जे तान्हे मूल अद्याप स्वतः हालचाल करू शकत नाही, त्याला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पालथे खेळू द्यावे. आणि एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसाकाठी किमान १८० मिनिटे निरनिराळी शारीरिक हालचाल व्हावी. सतत ‘पळू नकोस, पडशील’ असे बजावावे लागेल अशी जमीन ही गरज पुरी करू शकत नाही. म्हणून खर्च करावा की नाही, यापेक्षा तो कशावर आणि किती करावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

चार कसोट्या, दोन थर

मुलाच्या खोलीची जमीन चार कसोट्यांवर पारखावी. ओली झाली असता ती घसरडी होते काय? पडल्यावर ती मुलाला लागते काय? सांडलेले दूध, रंग, अन्न तिच्यावरून सहज पुसता येते काय? आणि पावसाळ्यात तिच्याखाली ओल साठते काय?

या चारही कसोट्यांना उतरणारे एकच साहित्य बाजारात मिळणे कठीण. जे कठीण असते ते टिकते आणि धुता येते, पण पडल्यावर लागते. जे मऊ असते ते सुखकर असते, पण झिजते आणि ओल धरते. म्हणून शहाणपणाचा मार्ग असा की, जमिनीचा विचार दोन थरांत करावा. खालची पक्की जमीन घराच्या आयुष्याची सोबतीण असते. तिची निवड दशकांचा हिशेब धरून करावी. वरचे मऊ आच्छादन मुलाच्या तीन-चार वर्षांपुरते असते. ते स्वस्त, धुण्याजोगे आणि बदलता येण्याजोगे असावे. बहुतेक अनावश्यक खर्च या दोन थरांची गल्लत झाल्यामुळे होतो.

खालचा थर : पक्की जमीन

जुन्या घरांतील मोझॅकची लादी सिमेंट आणि संगमरवराच्या बारीक खड्यांची असते. ती पिवळट, खडबडीत दिसू लागली म्हणजे तिचे आयुष्य संपले असे नव्हे. यंत्राने घासून पॉलिश केल्यास ती पुन्हा उजळते. कर्नाटकातील शहाबादची फरशी आणि राजस्थानातील कोटा फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. ते मजबूत व तुलनेने स्वस्त असतात. मात्र लिंबू, व्हिनेगर किंवा आम्लयुक्त सफाईद्रव्य सांडल्यास त्यांच्यावर डाग पडतात. मोझॅक आणि संगमरवर यांनाही हाच नियम लागू आहे. अशी जमीन साध्या साबणाच्या पाण्यानेच पुसावी.

नवी फरशी घालणे अटळच असेल, तर सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड हे दोन पर्याय समोर येतात. सिरॅमिक टाइलचा रंग वरच्या चकाकीच्या थरात असतो. जड खेळणे पडून टवका उडाला की आतील माती दिसते. व्हिट्रिफाइड टाइल अधिक घट्ट असते आणि तिची पाणी शोषण्याची क्षमता अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. यातील कोणतीही घेतली तरी मुलाच्या खोलीसाठी आरशासारखे पॉलिश टाळून मॅट पृष्ठभाग निवडावा. दुकानातच नमुन्यावर थोडे पाणी टाकून त्यावर अनवाणी टाच फिरवून पाहावी. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा ही परीक्षा अधिक बोलकी असते.

लाकडासारखी दिसणारी लॅमिनेट जमीन मोहक असते; परंतु तिचा गाभा दाबलेल्या लाकडी भुश्याचा असल्याने सांध्यांतून पाणी गेले की ती फुगते. मुंबई, गोवा, कोलकाता, गुवाहाटी अशा दमट हवेच्या ठिकाणी ती जपूनच घ्यावी. व्हिनाइलची गुंडाळी स्वस्त आणि पुसायला सोपी असते, पण तळमजल्यावर जमिनीतून ओल वर येत असेल, तर तिच्याखालचा गोंद सुटतो. मऊ व्हिनाइलमध्ये वापरल्या जाणाऱ्या काही थॅलेट रसायनांवर युरोपीय संघाने २००५ साली खेळण्यांच्या बाबतीत निर्बंध घातले. जमिनीवरील वस्तू तोंडात घालण्याच्या वयाचे मूल घरात असेल, तर थॅलेटविरहित माल आहे काय, हे विचारून ते बिलावर लिहून घ्यावे.

वरचा थर : मऊ आच्छादन

एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या पझल मॅट आज सर्वत्र मिळतात. त्या घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली गोष्ट वासाची. फॉर्मामाइड या रसायनाच्या कारणावरून बेल्जियमने २०१० साली अशा मॅटच्या विक्रीला बंदी केली होती. उग्र वास येणारी मॅट घेऊच नये, आणि घेतलेली मॅट काही दिवस मोकळ्या हवेत ठेवून मगच अंथरावी. दुसरी गोष्ट लहान तुकड्यांची. अक्षरे व आकडे सुटे होणाऱ्या मॅट तीन वर्षांखालील मुलासाठी नकोत. ते तुकडे घशात अडकू शकतात. तिसरी गोष्ट ओलीची. सांध्यांतून पाणी खाली झिरपते आणि बुरशी धरते, म्हणून आठवड्यातून एकदा मॅट उचलून दोन्ही बाजू कोरड्या कराव्यात.

संपूर्ण खोलीला चिकटवलेला गालिचा आपल्या बहुतेक हवामानात सोयीचा नाही. तो धुता येत नाही, धूळ धरतो आणि दमट हवेत त्यात धुळीतील सूक्ष्म कीटक वाढतात. दम्याचा त्रास असलेल्या घरात तो टाळावाच. त्याऐवजी सुती सतरंजी बरी. ती धुता येते व उन्हात वाळवता येते. मात्र खाली न घसरणारी जाळी घालावी. दिल्ली किंवा सिमल्याच्या थंडीत फोम व त्यावर सतरंजी अशी जोडी उबदार ठरते.

हेही ध्यानात असावे की, मऊ आच्छादन चालता-धावताना होणाऱ्या पडण्याचा मार हलका करते; पलंगावरून किंवा खिडकीच्या कट्ट्यावरून पडण्याला ते उत्तर नव्हे. तेथे कठडा व देखरेख यांना पर्याय नाही.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी, तसेच दर तीन-चार वर्षांनी बदली होणाऱ्या नोकरदारांनी खर्च वरच्या थरापुरताच ठेवावा. मॅट आणि सतरंजी सामानाबरोबर पुढच्या गावी जातात. चिकटवलेली जमीन घरमालकाची होते.

अंदाजपत्रक कसे मागावे

दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब खोलीचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट. कापणी व तूटफूट यांसाठी दहा टक्के धरल्यास १३२ चौरस फूट माल लागेल. दोन फूट चौरस टाइलच्या एका खोक्यात चार टाइल, म्हणजे १६ चौरस फूट माल असेल, तर नऊ खोकी घ्यावी लागतील. सर्व खोकी एकाच बॅचची व एकाच छटेची असावीत. उरलेल्या टाइल जपून ठेवाव्यात. पुढे एखादी फुटल्यास तीच छटा मिळेलच असे नाही.

गवंड्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे. त्यात फरशीची किंमत, जुनी फरशी उखडणे, राडारोडा हलविणे, वाळू-सिमेंट, मजुरी, स्कर्टिंग, वाहतूक आणि कर या बाबी वेगवेगळ्या दाखवलेल्या असाव्यात. जुन्या फरशीवरच नवी बसवायची असेल, तर जमिनीची पातळी वाढते. दरवाजा खालून कापावा लागतो आणि उंबऱ्यापाशी ठेच लागण्याजोगी पायरी तयार होते. सदनिकेत असे काम करण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेला विचारून घ्यावे.

आकडे काय सांगतात

उदाहरणासाठी काही दर गृहीत धरू. प्रत्यक्ष दर गावागणिक बदलतील. जुनी मोझॅक उखडून नवी टाइल बसविण्याचा सर्व मिळून खर्च चौरस फुटाला रु. १५० धरल्यास १२० चौरस फुटांना रु. १८,००० होतात. त्याच मोझॅकला पॉलिश करण्याचा दर रु. २५ धरल्यास खर्च रु. ३,००० येतो. खोलीच्या मध्यभागी सहा बाय आठ फुटांची जागा फोमने झाकण्यासाठी दोन फूट चौरस असे १२ तुकडे लागतील, तुकड्याला रु. २५० धरल्यास आणखी रु. ३,०००.

विक्रेता येथे सांगेल की, नवी टाइल वीस वर्षे टिकते, म्हणजे वर्षाला अवघे रु. ९०० पडतात. हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. जुनी मोझॅक आणखी पंधरा वर्षे चालणार असेल, तर ती उखडताना त्या पंधरा वर्षांचे मोलही राडारोड्यात जाते. ते कोणत्याच अंदाजपत्रकात लिहिलेले नसते. शिवाय नवी टाइलही कठीणच असल्याने फोमचा खर्च दोन्ही पर्यायांत सारखाच. तेव्हा खरी तुलना रु. १८,००० आणि रु. ३,००० यांची आहे. वाचलेले रु. १५,००० मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवले आणि वार्षिक सहा टक्के चक्रवाढ व्याज धरले, तर सहा वर्षांत सुमारे रु. २१,३०० होतात. मूल तेव्हा शाळेत जात असेल.

मात्र जुनी फरशी पोकळ वाजत असेल, हलत असेल किंवा तिच्या कडा धारदार झाल्या असतील, तर ती बदलणे हाच काटकसरीचा मार्ग आहे. पॉलिशवर पैसे घालणे तेथे वाया जाईल.

हप्त्याने घेताना

नवे काम हप्त्यांवर करावयाचे असल्यास व्याजाचा प्रकार आधी विचारावा. रु. १८,००० वर एक वर्षासाठी बारा टक्के सरळ, म्हणजे फ्लॅट दराने व्याज रु. २,१६० होते. घटत्या शिल्लक रकमेवर त्याच बारा टक्क्यांनी मासिक हप्ता सुमारे रु. १,५९९ बसतो आणि एकूण व्याज रु. १,१९१ च्या आसपास येते. म्हणजे बारा टक्के सरळ दर हा प्रत्यक्षात घटत्या शिलकीवरील सुमारे साडेएकवीस टक्क्यांएवढा ठरतो. ‘शून्य टक्के व्याज’ ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना स्पष्ट केले होते. म्हणून रोखीने घेतल्यास किती सूट मिळते आणि प्रक्रिया शुल्क किती, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. काम चार-सहा महिने पुढे ढकलता येण्याजोगे असेल, तर आवर्ती ठेव हा सर्वांत स्वस्त हप्ता होय. त्यात व्याज द्यावे लागत नाही, मिळते.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपली म्हण सांगते. मुलाच्या खोलीपुरता तिचा अर्थ असा की, दुकानात जाण्यापूर्वी एकदा स्वतः जमिनीवर बसावे, हाताने फरशी ठोकून पाहावी, सांधे तपासावेत आणि मूल नेमके कोठे खेळते, कोठे पडते हे दोन दिवस पाहावे. कोणता थर बदलायचा आणि कोणता तसाच ठेवायचा, हे त्यावरून ठरेल. बाळाला जमिनीच्या रंगाशी कर्तव्य नसते. तिच्यावर मनसोक्त लोळता आले की त्याचे काम भागते.