सहा पिंपे की आठ?

नारायणगावजवळ कुकडी नदीवर येडगावचे धरण आहे. समजा, त्याच्या जलाशयात फिरण्यासाठी एका कुटुंबाला जुना तराफा घ्यायचा आहे. दोन तराफे विकाऊ आहेत. एकाला २०० लिटरची सहा पिंपे आडवी बांधली आहेत, दुसऱ्याला आठ. आठांचाच घ्यावा, असे कोणीही म्हणेल. पण आधी दोन्ही रिकामे पाण्यात सोडून पाहू.

पहिल्याच्या पत्र्याचे व फळ्यांचे वजन ४०० किलोग्रॅम. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार १,२०० पैकी ४०० लिटर, म्हणजे तिसरा हिस्सा बुडेल. (आडव्या पिंपाच्या तिसऱ्या हिश्श्याची खोली व्यासाच्या तृतीयांशाहून थोडी अधिक असते, ५८ सेंटिमीटर व्यासाला सुमारे २१ सेंटिमीटर.) पट्टी लावली, बरोबर भरले.

दुसऱ्याचे वजन ५०० किलोग्रॅम. पण त्याची पिंपे निम्मी बुडालेली! म्हणजे ८०० लिटर पाणी बाजूला सारले गेले. मग हे ३०० किलोग्रॅम आले कुठून? गंजलेल्या पत्र्यातून आत शिरलेल्या पाण्यातून. शिवाय तराफा कलला, की हे पाणी उताराकडे धावते आणि कल वाढवते.

सुरक्षिततेसाठी पिंपे निम्म्याहून अधिक बुडू द्यायची नाहीत, असे ठरवले तर पहिल्यावर २०० किलोग्रॅम, म्हणजे पन्नास-पन्नास किलोग्रॅमची चार माणसे बसतील. दुसऱ्यावर एकही नाही.